जर्मनीतला हाफ्टफ्लिश्ट विमा, सायकलवाल्यांच्या बाजूने: एका जुन्या क्लेमवालीचा रिव्ह्यू

पैशांपासून सुरू करते, कारण विम्याच्या रिव्ह्यूत सगळे आधी तेच शोधतात. आम्ही चौघांसाठी घेतलेल्या प्रिव्हाट-हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या खाजगी जबाबदारी विम्याच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला नव्वद युरोच्या आत बसतो, १९ टक्के विमा कर धरून. कव्हर पाच कोटी युरोचं. क्लेम आला तर आपल्या खिशातून पहिले अमुक युरो भरायचे, अशी भानगड नाही. सायकली किती, कुणाच्या, केवढ्याच्या, हे कुणी विचारलं नाही. आमच्या जुन्या पोलो गाडीच्या नुसत्या थर्ड पार्टीला याच्या कितीतरी पट रक्कम जाते, आणि ती पोलो आठवड्यातले बरेच दिवस जागची हलत नाही. सायकली मात्र रोज हलतात.

कंपनीचं नाव देणार नाही. एक तर पुढे तिच्याबद्दल थोडं वाकडं बोलणार आहे. दुसरं म्हणजे या प्रकारच्या पॉलिसीचा गाभा इथल्या बहुतेक कंपन्यांकडे सारखाच असतो. फरक पडतो तो कलमांच्या तपशिलात.

माझी ओळख एवढीच: मूळची साताऱ्याची, पुण्यात एका विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात थर्ड पार्टीच्या टेबलावर होते. शिवाजीनगर कोर्टातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या तारखा, एफआयआरच्या नकला, स्पॉट पंचनामे, अपंगत्वाचे दाखले आणि वकिलांचे फोन, यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. आता कार्ल्सरूहला असते. सायकल आणि मोटार यांच्या विम्याची तुलना करायला यापेक्षा चांगलं गाव मिळणं कठीण. १८१७ साली मानहाइमच्या रस्त्यावर दोन चाकांवर बसून पायांनी ढकलत निघालेला कार्ल ड्राइस जन्मला इथे, १७८५ साली. १८८६ साली मोटारगाडीचं पेटंट घेणारा कार्ल बेंझ जन्मला तोही इथेच, म्युलबुर्गमध्ये, १८४४ साली. आणि या दोघांच्या वंशजांची रस्त्यावर टक्कर झाली की शेवटचा शब्द ज्याचा, ते जर्मनीचं सर्वोच्च दिवाणी न्यायालय, तेही याच गावात बसतं.

आधी मोटारीचं बघू, म्हणजे सायकलीला काय नाही ते कळेल.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ सांगतं की थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. पहिल्यांदा पकडलं तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हजार ते दीड हजार सीसीच्या खाजगी गाडीचा थर्ड पार्टी दर जून २०२२ पासून ३,४१६ रुपये ठरवला गेला, आणि त्या एवढ्याशा पैशांत मृत्यू किंवा जखमेच्या भरपाईला वरची मर्यादाच नाही. मालमत्तेच्या नुकसानीला आहे, साडेसात लाख. लोक या पावतीला ‘पोलिसांना दाखवायचा कागद’ म्हणतात. मी त्या कागदावर घरं सावरलेली पाहिली आहेत, म्हणून मला तो शब्द खटकतो. न्यायाधिकरणात विमा कंपनी थेट प्रतिवादी असते. ट्रकवाला फाटका असला तरी जखमी माणसाला भरपाई मिळते. लायसन्स नसल्यासारखा पॉलिसीचा भंग झाला असेल तर कोर्ट बऱ्याचदा सांगतं, आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करत बसा.

जर्मनीत हेच तत्त्व, फक्त आकडे डोळे पांढरे करणारे. विम्याचा इलेक्ट्रॉनिक क्रमांक दिल्याशिवाय गाडीची नोंदणीच होत नाही. माणसांच्या इजेसाठी कायद्याने किमान कव्हर ७५ लाख युरो. प्रत्यक्षात बाजारातल्या बहुतेक पॉलिसी दहा कोटी युरोच्या असतात, एका जखमी माणसामागे साधारण दीड कोटींच्या मर्यादेने. जखमी माणूस गाडीवाल्याला बाजूला ठेवून सरळ त्याच्या विमा कंपनीकडे मागणी करू शकतो. गाडी पळून गेली किंवा बिनविम्याची निघाली तर त्यासाठी वेगळा निधी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: गाडीच्या मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. रस्ते वाहतूक कायद्याचं कलम ७ म्हणतं की गाडी चालवणं हाच एक धोका आहे, तो तू जगात आणलास, तेव्हा जबाबदारी तुझी. त्यामुळे सायकलस्वाराची चूक असलेल्या टकरीतही गाडीवाल्याच्या बाजूला पाव-एक हिस्सा बऱ्याचदा येतोच. सायकलस्वाराने अगदीच बेदरकारपणा केला असेल, तर मात्र तो हिस्सा शून्यावरही येतो.

आता सायकल. सायकलीला विम्याची सक्ती नाही, ना इथे ना आपल्याकडे. जबाबदारी मात्र आहे, आणि ती साध्या दिवाणी कायद्याने येते: जर्मन नागरी संहितेचं कलम ८२३. तुझ्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर तू भरून दे. किती? सगळं. या रकमेला वरची मर्यादा नाही. गंमत बघा, गाडीवाल्याच्या त्या, चूक नसतानाही येणाऱ्या जबाबदारीला कायद्याने मर्यादा घातली आहे, माणसांच्या इजेला सर्वसाधारणपणे ५० लाख युरो. सायकलवर घाईत वळलेल्या, सिग्नल चुकवलेल्या माणसाच्या डोक्यावर अशी कुठलीच टोपी नाही. समजा पादचारी पडला, डोक्याला मार लागला, चाळिशीतला कमावता माणूस होता. उपचार, बुडालेला पगार, पुढची पेन्शन, वेदनांची भरपाई. हे दावे विमा नसलेल्या माणसाचा पगार वर्षानुवर्षं खात राहतात. इथली सरकारी आरोग्य विमा कंपनी जखमीचा उपचार आधी करते आणि मग ते बिल घेऊन तुमच्या दारात येते, हेही नव्याने आलेल्या भारतीयांना माहीत नसतं.

म्हणून हा विमा. पण तो काय करतो आणि काय करत नाही, यात मोठी फट आहे, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. मोटारीचा थर्ड पार्टी विमा रचलाय तो जखमी माणसासाठी. प्रिव्हाट-हाफ्टफ्लिश्ट रचलाय तो पॉलिसी घेणाऱ्यासाठी. जखमी माणसाला साधारणपणे थेट कंपनीकडे मागता येत नाही. त्याने सायकलवाल्याकडे मागायचं, सायकलवाल्याने कंपनीला कळवायचं. कंपनीची कामं तीन: मागणी खरी आहे का तपासणं, खरी असेल तर पैसे देणं, नसेल तर आपल्या वतीने भांडणं, गरज पडली तर कोर्टातसुद्धा. आणि धडकणाऱ्याकडे पॉलिसीच नसेल, पैसेही नसतील, तर सायकलने जखमी झालेल्या माणसामागे तो मोटारवाला निधी उभा राहत नाही.

या तिसऱ्या कामाचा अनुभव नवऱ्याला आला. ट्रामच्या रुळांजवळ सिग्नलला थांबलेला असताना एका गाडीवाल्याने काच खाली करून सांगितलं, तुझ्या हँडलने माझा आरसा तुटला. नवऱ्याने पत्ता दिला. पंधरा दिवसांनी बिल आलं. आम्ही ते तसंच कंपनीला पाठवलं. त्यांनी गाडीवाल्याला फोटो, वेळ आणि साक्षीदार विचारले, आणि तिकडून पुन्हा पत्र आलं नाही. आमचा खर्च शून्य. पुण्यात असे दावे मी टेबलाच्या पलीकडून परतवले आहेत. आपल्या बाजूने कुणीतरी ते करतंय याचं सुख वेगळंच.

दुसरा प्रसंग मात्र चिरंजीवांचा. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. इथला नियम असा की आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांनी सायकल फुटपाथवर किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावरच चालवायची, दहापर्यंत फुटपाथवर चालवली तर चालते. फुटपाथ अरुंद, कडेला गाड्या ओळीने उभ्या. या मुलाने मागे वळून मित्राला काहीतरी ओरडून सांगितलं आणि हँडलचं टोक एका चंदेरी गाडीच्या दोन्ही दरवाजांवरून सरळ रेषेत ओढत नेलं. रेषा इतकी सरळ, की पट्टी धरून मारली असावी.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण आपली माणसं हमखास इथे फसतात. वायपरखाली चिठ्ठी लावून घरी जाणं पुरत नाही. अपघाताच्या जागेवरून निघून जाणं हा गुन्हा सायकलस्वारालाही लागू आहे. थांबायचं, मालक आला नाही तर पोलिसांना फोन करायचा. आम्ही तेच केलं. पोलीस आले, मुलाशी अतिशय गंभीरपणे बोलले, नंबरवरून मालक शोधला. पलीकडच्या गल्लीतले निवृत्त गृहस्थ निघाले. रागावले नाहीत. ‘गॅरेजमधून अंदाजपत्रक आणतो,’ म्हणाले आणि दोन दिवसांत घेऊनही आले. पॉलिश होऊन जाईल असं मला वाटत होतं. पण रंग खालपर्यंत गेला होता, दोन दरवाजे पूर्ण रंगवायचे. हजार युरोच्या वर.

कंपनीला त्याच संध्याकाळी पोर्टलवरून कळवलं होतं. कायद्याने आठवडा असतो, पण उशीर करण्यात काही अर्थ नाही. ‘आम्ही भरून देऊ’ असं लेखी कुठेही दिलं नाही. तेवढी जुनी सवय हाताला आहे. मग आली प्रश्नावली. मूल किती वर्षांचं? सायकल कधीपासून चालवतं? रस्ता ओळखीचा होता का? तुम्ही किती अंतरावर होता? नियम समजावले होते का? बाहेरून साधे दिसणारे प्रश्न, पण प्रत्येकामागे एक दार आहे. सात वर्षांखालचं मूल कायद्याने जबाबदारच नसतं. आई-बाप जबाबदार असतात ते फक्त देखरेखीत कुचराई केली असेल तर. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाच्या आईने ‘मी पूर्ण लक्ष ठेवून होते’ असं खरं लिहिलं, तर कुणीच जबाबदार नाही, आणि कंपनी शेजाऱ्याला एक युरो देत नाही. बांधकामांवर ‘मुलांसाठी पालक जबाबदार’ असे पिवळे फलक इथे सर्रास दिसतात; कायदा त्या फलकाइतका सोपा नाही. यावर उपाय म्हणून चांगल्या पॉलिसीत एक जादा कलम असतं: मूल कायद्याने जबाबदार नसलं तरी कंपनी नुकसान भरेल. कंपनीवर हे कायद्याने बंधनकारक नाही, ते शेजारधर्म टिकवण्यासाठी असतं. लहान मुलं असतील तर हे कलम नसलेली पॉलिसी घेऊच नका. आमच्यात आहे, पण सात वर्षांखालच्यांसाठी. आमचा आठचा.

सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आणखी एक नियम आहे. मोटारगाडीशी झालेल्या अपघातात त्यांनी मुद्दाम केलं नसेल तर ती जबाबदार नाहीत, कारण वाहनांचा वेग आणि अंतर त्या वयात कळत नाही. कंपनीने नेमकं हेच पकडलं आणि गाडीमालकाला पत्र पाठवलं: मूल दहा वर्षांखालचं, मोटारगाडीचा अपघात, दावा नामंजूर. गृहस्थ ते पत्र घेऊन वर आले. चिडलेले नव्हते, गोंधळलेले होते. ‘म्हणजे कुणीच देणार नाही?’ एवढंच विचारलं.

माझ्यातली क्लेमवाली जागी झाली. गाडी चालत नव्हती, उभी होती. आणि उभ्या गाडीबद्दल याच गावातल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ च्या नोव्हेंबरातच सांगून ठेवलंय: मुलांना ही सूट आहे ती धावत्या वाहतुकीत त्यांचा गोंधळ उडतो म्हणून, नीट पार्क केलेल्या गाडीवर सायकल किंवा पायाने ढकलायची स्कूटर घासली तर ती सूट लागू नाही. मी कंपनीला पत्र लिहिलं. सभ्य, दीड पानी. तारीख दिली, निकाल दिला, आणि शेवटी मागणी केली की माझा मुलगा या नुकसानीला जबाबदार आहे हे मान्य करावं. स्वतःच्या पोराला दोषी ठरवा म्हणून भांडणारी आई त्या क्लेम हँडलरने पहिल्यांदाच पाहिली असणार. पुण्यातल्या माझ्या जुन्या बॉसला फोनवर सांगितलं तर ते खोकेपर्यंत हसले. ‘आयुष्यभर नामंजुरीची पत्रं लिहिलीस, आता मंजुरीसाठी लिही,’ म्हणाले.

पैसे आले. पण पूर्ण नाही: त्या गृहस्थांनी दरवाजे न रंगवता रोख रक्कम घेणं पसंत केलं, आणि दुरुस्ती न करता पैसे घेतले तर बिलावरचा विक्रीकर वजा होतो, हा इथला कायदाच. ते थोडे कुरकुरले. गाडी अजून त्याच रेषेसह तिथेच उभी असते आणि चिरंजीव तिथून सायकल हातात धरून जातात.

कंपनीला माझे गुण इथे कमी. पहिला नकार चुकीचा होता, आणि तो असा चुकीचा होता की सामान्य माणूस तो मुकाट्याने मान्य करेल. नकाराचं पत्र कायद्याचं कलम सांगतं तेव्हा समोरचा गप्प बसतो, हे मला टेबलाच्या दोन्ही बाजूंनी माहीत आहे. पोर्टल मात्र चांगलं चालतं, फोन उचलला जातो, आणि क्लेमनंतर हप्ता वाढला नाही. मोटारीच्या विम्यात एक अपघात झाला की बिनदाव्याच्या वर्षांची शिडी खाली घसरते आणि पुढची कित्येक वर्षं महाग जातात. या विम्यात तशी शिडीच नाही. पण एक आहे: क्लेम निकाली निघाल्यावर महिन्याभरात कंपनी तुम्हाला काढून टाकू शकते, तुम्हीही तिला. लागोपाठ क्लेम लावणाऱ्यांना हे पत्र येतं, आणि मग नवी कंपनी अर्जात विचारते, आधीच्या कंपनीने करार मोडला होता का? म्हणून शेजाऱ्याचा फुटलेला कप वगैरे खिशातून भरलेला बरा.

आता कलमांचा तपशील. इथे बराच वेळ घालवा, हप्त्यातल्या दहा युरोच्या फरकाने हुरळून जाऊ नका.

पहिलं बघायचं ते वसुली-अपयश कव्हर. समोरचा सायकलवाला तुम्हाला धडकला, त्याच्याकडे ना विमा ना पैसे, तर तुमचीच पॉलिसी तुम्हाला पैसे देते, जणू तुमची कंपनी त्याची कंपनी आहे. सायकलवाल्यांसाठी मोटारवाला निधी नाही असं वर म्हटलं, त्या खड्ड्यावर टाकलेली ही फळी आहे. पण त्यासाठी आधी कोर्टाचा निकाल मिळवावा लागतो आणि वसुली फसल्याचं दाखवावं लागतं, शिवाय काही कंपन्या अमुक रकमेच्या खालचं बघतच नाहीत. आमच्या पॉलिसीत रकमेची ती अट नाही. हे बघूनच ही निवडली.

दुसरं, इलेक्ट्रिक सायकल. पॅडल मारलं तरच मोटर चालते, मोटर २५० वॉटची, आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद होते, अशी सायकल कायद्याने सायकलच. याच पॉलिसीत बसते. ४५ पर्यंत पळणारी मात्र मोपेडच्या वर्गात जाते. तिला वेगळा विमा, मागे नंबरची छोटी पाटी, पाटीचं वर्ष १ मार्चला सुरू होतं आणि दरवर्षी रंग बदलतो, म्हणजे पोलिसाला लांबूनच कळतं की विमा शिळा आहे. उभं राहून चालवायच्या ई-स्कूटरलाही २०१९ पासून विम्याचा स्टिकर लागतो. आता काही हुशार पोरं २५ वाल्या सायकलची मर्यादा उडवणारी चिप बसवतात. चिप चाळीस-पन्नास युरोची असेल. पण बसवली की सायकल कायद्याच्या नजरेत मोटारवाहन, तुमची खाजगी पॉलिसी गेली, आणि बिनविम्याचं वाहन चालवल्याचा फौजदारी गुन्हा वेगळा. मला विचाराल तर हा सगळ्यात महाग पडणारा स्वस्त सुटा भाग.

तिसरं, काम. ऑफिसला सायकलने जाणं-येणं पॉलिसीत बसतं. पण सायकलवर जेवणाचे डबे पोचवताना कुणाला धडकलात, तर ते खाजगी आयुष्य नव्हे, धंदा. खाजगी पॉलिसी तिथे हात वर करते. इथल्या विद्यापीठात शिकणारी आपली कितीतरी मुलं संध्याकाळी पाठीवर खोका लावून फिरतात. नोकरीच्या करारावर असाल तर मालकाचा व्यवसाय विमा काय काय घेतो ते लेखी विचारून घ्या. स्वतंत्र कामगार म्हणून ॲपवर असाल तर वेगळा विमा काढल्याशिवाय पॅडल मारू नका. गणेशोत्सवात भेटलेल्या दोघांना मी हे सांगितलं तर त्यांनी ‘काकू, बघतो’ असं उत्तर दिलं. ते ‘बघतो’ मला ओळखीचं आहे.

स्वतःची सायकल चोरीला गेली तर यात काहीच मिळत नाही. ते घरसामानाच्या विम्याचं काम, तेही सायकलचं जादा कलम घेतलं तर. स्वतःला लागलं तर अपघात विमा. भाड्याने किंवा उसनी घेतलेली सायकल मोडली तर काही पॉलिसी देतात, काही नाही. सायकल शर्यती जुन्या पॉलिसींत वगळलेल्या असत, नव्यांत बऱ्याचदा चालतात.

ज्यांना हा कुटुंबाचा विमा नको, त्यांच्यासाठी एडीएफसी ही सायकलस्वारांची देशव्यापी संघटना आहे. सदस्यत्वात सायकल चालवताना, पायी चालताना किंवा बसने जाताना लागणारं जबाबदारीचं आणि कायदेशीर मदतीचं कव्हर येतं. एकट्या माणसाला ते पुरेलही. पण घरातल्या नळाने खालच्याचं छत भिजवलं तर ते कामाचं नाही, म्हणून मी त्याला पर्याय म्हणणार नाही, जोड म्हणेन.

हेल्मेटबद्दल लोक नेहमी विचारतात: घातलं नव्हतं तर भरपाई कापतात का? इथे साध्या सायकलवर हेल्मेटची सक्ती नाही. पार्क केलेल्या गाडीचा दरवाजा अचानक उघडल्याने पडलेल्या एका सायकलस्वार बाईची भरपाई खालच्या कोर्टाने हेल्मेट नव्हतं म्हणून पाचव्या हिश्श्याने कापली होती. आमच्या गावातल्या न्यायालयाने जून २०१४ मध्ये ती कपात उडवली. मी स्वतः हेल्मेट घालते, मुलांना घालायला लावते. पण भरपाई कापायला ते कारण म्हणून वापरणं, हे क्लेमवाल्यांचं जुनं हत्यार आहे आणि ते बोथट झालेलं मला आवडलं.

सायकलीला विमा सक्तीचा असावा का, हा वाद इथे अधूनमधून उसळतो, बहुतेक गाडीवाल्यांकडून. शेजारच्या स्वित्झर्लंडने ते करून पाहिलं होतं. सायकलवर दरवर्षी विम्याचा छोटा स्टिकर लावायचा. २०१२ पासून तो बंद केला, कारण बहुतेकांकडे घरचा जबाबदारीचा विमा होताच. ज्यांच्याकडे नाही त्यांनी केलेलं नुकसान आता तिथला राष्ट्रीय हमी निधी बघतो. माझं मत: स्टिकर नको, निधी हवा. सायकलवाल्याने केलेलं नुकसान क्वचितच मोठं असतं, पण जेव्हा असतं तेव्हा जखमी माणसाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावणं हे मोटारीच्या विम्याने दीडशे वेळा चुकीचं ठरवलेलं आहे.

पुण्यात राहणारे वाचक विचारतील, आमच्याकडे यातलं काय मिळतं? गाडीने सायकलस्वाराला उडवलं तर न्यायाधिकरण आहे, गाडी पळून गेली तर एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार आहेत. सायकलने कुणाला उडवलं तर साधा दिवाणी दावा, आणि त्या दाव्यात काय होतं ते सांगायला नको. पण आपल्या जुन्या हाउसहोल्डर्स पॉलिसीत पेडल सायकलचा एक विभाग आणि पब्लिक लायबिलिटीचा एक विभाग असायचा. मी नोकरीला असताना कुणीही ते दोन विभाग मागून घेताना पाहिले नाहीत. एजंटच ते खोडून आग आणि घरफोडी तेवढी ठेवायचे. रक्कम छोटी असते, पण घरात रोज सायकल चालवणारं कुणी असेल तर नूतनीकरणाच्या वेळी एजंटला हे दोन विभाग नाव घेऊन विचारा. त्याला आठवावं लागेल.

पाचपैकी साडेतीन देते. किंमत आणि कव्हर यांना पाच, पहिल्या नकाराला दोन.

पुढच्या महिन्यात सासरे तीन महिन्यांसाठी येताहेत. तरुणपणी साताऱ्याहून कोरेगावला सायकलने नोकरीला जायचे. इथे पोचायच्या आधीच फोनवर विचारून झालंय, ‘माझ्यासाठी एक सायकल ठेवली आहे ना?’ पाहुणे पॉलिसीत बसतात का, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून मी लेखी विचारलं. उत्तर या वेळी तीन दिवसांत आलं: घरात तात्पुरते राहणारे नातेवाईक, दुसरा कुठला विमा नसेल तर, कव्हर आहेत. पत्राची प्रिंट काढून फाइलला लावली. नवऱ्याला फक्त त्याच्या सायकलीची सीट खाली करून द्यायला सांगितलं आहे, आणि बाबांना इथे उजव्या बाजूने चालवतात हे आठवण करून द्यायला.